करंजाखाली जाऊन या

बडे बाबूंच्या टेबलासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. नेमणुकीचा आदेश पुढे केला, तो हातातही घेतला नाही. चष्म्याच्या वरून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आधी करंजाखाली जाऊन या. मग बोलू."

सकाळी तळेगावहून एसटीनं निघालेली मी, पोटात धड काही नाही, आणि हा माणूस मला झाडाखाली पाठवतोय. वाटलं, नव्या पोरीची मजा घेताहेत. पण बाकीच्या टेबलांवर कुणी हसलं नाही. पुढे ज्यांच्या शेजारी माझं टेबल आलं त्या शालूताईंनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं, तेही मान वर न करता. मी गेले. सायकल स्टँड आणि भंगारात काढलेली जीप यांच्यामध्ये करंजाचं एक झाड होतं. फार उंच नाही, पण सावली अशी दाट की खाली उभं राहिल्याबरोबर घाम जागच्या जागी थांबला. जीपच्या टपावर बसून एक खार माझ्यावर डाफरत होती. मी थोडा वेळ मूर्खासारखी उभी राहिले आणि परत आले.

"वाटलं का बरं?" बाबूंनी विचारलं.

वाटलं होतं, पण जास्त कशाला बोला? "हो जी," एवढंच म्हणाले. तेव्हा कुठे त्यांनी तो कागद घेतला.

आमचं ऑफिस सरकारी होतं आणि वर्धेत होतं, एवढं पुरे. उगाच कुणाला ओळखू यायला नको. हेड क्लार्कला आमच्याकडे अजून बडे बाबूच म्हणतात, म्हणून त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. लांबलचक हॉल, भर दुपारी ट्यूबलाइट, भिंतीला लागून फायलींची रॅक आणि खिडक्यांत कूलर. आमच्या भागात कूलर होळीच्या सुमाराला खिडकीत चढतो आणि बऱ्याच ऑफिसांत तो उतरतच नाही. पावसाळा जातो, थंडी जाते, कूलर तिथेच. त्या पत्र्याच्या खोक्यानं खिडकी बुजली की आतल्या माणसाला सकाळ आहे की संध्याकाळ, हे घड्याळातच पाहावं लागतं. आमच्या हॉलमध्ये एकच खिडकी उघडी होती, बाबूंच्या टेबलाजवळची. तिच्यातून करंज दिसायचा.

त्या खिडकीवरून दर उन्हाळ्यात महाभारत व्हायचं. सगळा हॉल एका बाजूला आणि बाबू एकटे दुसऱ्या बाजूला. बाहेरून झळा यायच्या, कागद तापायचे, आणि हे डोक्यावर ओला दुपट्टा टाकून खिडकीशी बसलेले. "बाबू, मराल एखाद्या दिवशी," शालूताई म्हणायच्या. "मरतो न," बाबू शांतपणे म्हणायचे, "पण पाह्यत पाह्यत मरतो." कूलरवर त्यांचा आणखी एक राग होता. "कूलर लागला का माणसं बोलणंच बंद करतात. नुसते हातवारे करतात, चौकातल्या पोलिसावानी." शेवटी तोडगा निघाला. खिडकी बाबूंची आणि दाराशी एक जास्तीचा कूलर आमचा. तो लागला की बाबू मुद्दाम मोठ्यानं बोलायचे.

आता त्यांचं सगळं सांगायचं तर दिवस पुरायचा नाही. उंच, पाठीत किंचित वाकलेले, सफारीचा शर्ट आणि पायांत रबरी चपला. शर्टाच्या खिशात पेन असायचा तसाच करंजाचा पाला असायचा. फाईल तपासून झाली की जिथे सही हवी तिथे एक पान खुणेला घालायचे. साहेबांच्या टेबलावर फाईल उघडली की पान निघायचं, आणि कधी कधी पानाबरोबर मुंगीही. साहेब वैतागायचे, पण पान असलेल्या फायलीवर डोळे मिटून सही करायचे, कारण बाबूंची नजर फिरलेल्या कागदात चूक राहायची नाही.

करंजाखाली जाण्याची सक्ती सगळ्यांना होती. चहाच्या आधी एक फेरी आणि डब्यानंतर एक. कुणी चिडलं, रडकुंडीला आलं, कॉम्प्युटरवर एकच रकाना तिसऱ्यांदा चुकला की बाबूंचा आवाज यायचा, "जाऊन या." दोघांत जुंपली तर दोघांनाही पाठवायचे. "भांडा न, कोण नाई म्हणते? पण तिकडे जाऊन भांडा." आता झाडाखाली समोरासमोर उभं राहून किती वेळ भांडणार? वर तांबट पक्षी टुकटुक करत असतो, डोक्यावर फुलं पडत असतात, आणि माणसाला आपलंच हसू येतं. मी स्वतः शालूताईंशी तिथे दोनदा भांडायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकून परत आले.

एक गोष्ट तेव्हा मला खटकायची. स्वतः बाबू तिथे फारसे थांबत नसत. आम्हाला पाठवायचे आणि आपण खिडकीतून पाहत बसायचे. कोण कसं उभं आहे, कोण कुणाशी बोलतंय, कोण मोबाईल काढतंय. मला वाटायचं, हा काय पहारा आहे?

खोटं कशाला बोलू, मला त्या झाडाचा फार आधार झाला. नवरा पुण्याला कंपनीत, मी वर्धेला भाड्याच्या खोलीत. संध्याकाळी कुलूप उघडलं की समोर सकाळचा कप तसाच. मला फार एकटं वाटायचं. रोज दुपारी डोकं ठणकायचं, डोळ्यांच्या मागून कुणी बोटं रुतवल्यासारखं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, गोळ्या घेऊन झाल्या. बाबू म्हणाले, "बेटा, दिवसभर डोळे हातभर अंतरावर बांधून ठेवतेस. त्याइले जरा चरायले सोड." करंजाखाली उभं राहून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे, तिच्यावरच्या पारव्यांकडे बघायचं, हे औषध त्यांनी दिलं. डोकं दुखायचं राहिलं. झाडानं राहिलं, पारव्यांनी राहिलं की नुसतं कुणीतरी विचारपूस केली म्हणून राहिलं, देव जाणे.

डब्याचा त्यांचा कायदा तर करंजाहून कडक होता. आपापल्या टेबलावर बसून एकट्यानं खायचं नाही. मधली तीन टेबलं जोडायची आणि सगळ्यांनी तिथे बसायचं. बाबूंच्या डब्यात स्वतः केलेली जाड पोळी आणि कोरडी भाजी, पण त्यांचं लक्ष इतरांच्या डब्यांवर. "ते काय होय? पाटोडी का? बापा, वास तर पाय." नावाला एक घास घ्यायचे आणि त्यावर सगळ्यांचं मत घ्यायचे. मीठ कमी की जास्त, यावर अख्खी सुट्टी जायची.

त्यांच्या घरी कुणी नव्हतं. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वर्धेला लागूनच बोरगाव मेघेत स्वतःचं घर होतं, पुढेमागे मोकळी जागा, आणि तिथे त्यांनी काय काय लावलेलं. सीताफळ, जांभूळ, पारिजातक. म्हणून त्यांच्या रिटायरमेंटचा विषय निघाला की सगळे एकच बोलायचे, "बाबू, तुमचं काय, तुमची तर मजा. दिवसभर झाडांत बसाल." बाबू लगेच खाली मान घालायचे. हातातला कागद वाचायचे, कधी कधी उलटा.

त्या शेवटच्या वर्षातच तो व्यापाऱ्याचा प्रकार झाला. कापसाच्या बाजारातले एक शेठ काही कामानं आले. तावातावानं बोलायला लागले, तसं बाबूंनी सवयीनं म्हटलं, "शेठ, आधी करंजाखाली जाऊन या." शेठ एकदम गप्प झाले. मान हलवली, "समजलो," म्हणाले आणि गेले. आम्ही कामाला लागलो. बऱ्याच वेळानं शेठ परत आले, घामानं निथळत, तोंड पाडून.

"बाबू, कोणीच आलं नाई जी."

"कोण येणार होतं?"

"तुमचा माणूस."

"माहा कोणता माणूस?"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिशावर हात ठेवला. तेव्हा बाबूंच्या डोक्यात उजेड पडला. सरकारी ऑफिसातला बाबू झाडाखाली बोलावतो, याचा आमच्या मुलखात दुसरा अर्थ कुणाच्या मनात येतच नाही, त्याला बिचारे शेठ तरी काय करणार? आम्ही पोट धरून हसलो. बाबू हसले नाहीत. "तिथं पाखरं येतात शेठ," ते म्हणाले, "दुसरं कोणी येत नाई. बसा, काम सांगा." काम त्यांनी तिथल्या तिथे करून दिलं. पण शेठ ती गोष्ट गावभर सांगत सुटले, आणि गावात फिरता फिरता तिचा शेवट बदलला. साहेबांच्या कानावर पोचली तेव्हा तिच्यात पाकीट आलेलं होतं.

साहेब वाईट नव्हते. बाबूंना ओळखून होते. पण वरून विचारणा व्हायची भीती होती. त्यांनी बाबूंना बोलावून तोंडी सांगितलं की यापुढे कुणालाही, ना बाहेरच्याला ना स्टाफला, झाडाखाली पाठवायचं नाही. बाबू "ठीक हाय साहेब" म्हणून येऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी दुपारी माझं डोकं पुन्हा ठणकायला लागलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं आणि नजर फायलीत घातली. दाराशी कूलर घरघरत होता.

यानंतर जे झालं त्याला काय म्हणावं? महिन्याभरातच नागपूरहून एक प्रशिक्षक आले. विषय, कामाच्या ठिकाणचा ताण आणि मनाचं आरोग्य. आम्हाला सगळ्यांना मीटिंग हॉलमध्ये कोंबलं, पडद्यावर चित्र नीट दिसावं म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले, दिवे घालवले. आणि चित्रं कसली, तर झाडांची. कुठल्याशा परदेशातलं धुक्यातलं जंगल, धबधबा, आणि स्पीकरमधून पाखरांचा आवाज. माणूस सांगत होता ते सगळं बरोबर होतं. कामातून उठून हिरवं बघावं, डोळे आणि मन दोन्ही निवतात, माणसं एकमेकांशी बरी वागतात. बाबूंनी हात वर केला.

"हे कोणतं पाखरू बोलून राह्यलं?"

प्रशिक्षक गोंधळले. "सर, हा निसर्गाचा आवाज आहे. रिलॅक्स व्हा, डोळे मिटा."

बाबू उठले आणि त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. पडद्यावरचं जंगल पांढरं फटक झालं. बाहेर करंज फुलला होता, खाली गुलाबी-पांढरा सडा, आणि त्यात सातभाई पक्ष्यांची टोळी पाला उडवत, एकमेकांवर ओरडत हिंडत होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी घसा खाकरला. बाबूंनी पडदा परत लावला आणि जागेवर येऊन बसले.

पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघालं. सर्व कर्मचाऱ्यांनी भोजनाच्या सुट्टीत दहा मिनिटं आवारातील वृक्षाच्या सान्निध्यात घालवावीत आणि त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकावा. जे तोंडानं बंद केलं होतं ते कागदानं सुरू झालं. माणसं रांगेनं जायची, झाडाला टेकून फोटो काढायची आणि परत. कुणी बोलायचं नाही, कुणी भांडायचं नाही, वर तर कुणी बघायचंच नाही. डबा सुद्धा घाईत उरकायला लागले. मला इतका संताप यायचा की विचारू नका. बाबूंनी फोटो कधी टाकला नाही. साहेबांनीही विचारलं नाही.

रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिले होते. एकदा सगळे फोटो काढून आत गेले तेव्हा बाबू पहिल्यांदाच माझ्याबरोबर करंजाखाली थांबले. मी म्हटलं, "बाबू, आता सुटलात या कटकटीतून. घरी निवांत झाडं बघाल."

ते जीपकडे वळले. मग म्हणाले, "मले भेव लागून राह्यलं बेटा."

"कशाचं?"

"सकाळी उठीन, चहा घेईन. मंग? मंग काय?" ते थांबले. "सुट्टीच्या दिवशी मी काय करतो माहीत हाय? सोमवारची वाट पाह्यतो."

माझ्याही रविवारचं तेच होतं. मी म्हटलं, "येत जा न इकडे, दुपारी." ते नुसते हसले.

निरोपाच्या समारंभात भाषणं झाली. बाबू आता निसर्गाच्या कुशीत, वगैरे. भेट म्हणून त्यांना कुंडीतलं रोप दिलं, दुसरं देणार तरी काय? बोला म्हटल्यावर ते उभे राहिले. "मले काही सांगाचं नाई," म्हणाले. "टेबलं जोडून जेवत जा." आणि खाली बसले.

त्यानंतर ते आले नाहीत. आम्ही फोन केले, शालूताईंनी दोनदा निरोप धाडला, "येतो न, येतो" म्हणायचे. त्यांच्या खिडकीत आठवड्याभरात कूलर बसला. पोळा झाला, गणपती बसले, उठले. एका रविवारी मीच बोरगाव मेघेला गेले.

फाटक लोटलं तर आवारात गुडघाभर तरोट्याचं तण माजलेलं. जांभळाखाली पाल्याचा खच. मला वाटलं, बाबू आजारी आहेत. पण ते चांगले होते, आतल्या खोलीत पलंगावर बसलेले, दाढी वाढलेली. मला पाहून धडपडत उठले, चहा ठेवला, साखरेचा डबा शोधायला उगाच वेळ लावला.

"बाहेर बसत नाही का?" मी विचारलं.

"बसलो न. पहिले बसलो. अंगणात खुर्ची टाकली." त्यांनी खिडकीकडे हात केला. "खिडकीतून झाड दिसते बेटा. झाडाखाली कोणीच नाई."

मी कप हातात धरून बसले. त्यांच्या त्या पहाऱ्याचा अर्थ मला तेव्हा लागला. इतकी वर्षं हा माणूस त्या खिडकीतून झाडाखालच्या आम्हाला बघत होता, आणि मला वाटत होतं, हा झाडवेडा आहे. मला रडू आलं, ते मी चहात लपवलं.

"परत या, बाबू. कुणी काही म्हणणार नाही."

"नाई. रिटायर माणूस ऑफिसात जाऊन बसला का दोन दिवस बरा वाटते. मंग लोकं खुर्च्या आवरतात." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्यं एक काम करशीन? डब्याच्या सुट्टीत फोन लावजो मले. बोलजो नोको. नुसता चालू ठेवजो."

दुसऱ्या दिवशी डब्याची सुट्टी होताच मी मोठ्या हौसेनं सगळ्यांच्या आधी टेबलावरून उठले. फोन लावला आणि थेट करंजाखाली गेले. तांबट नेमका बोलत होता, सातभाईंचा कालवा चालू होता. फोन वर धरून मी उभी राहिले. मनात म्हटलं, ऐका बाबू, तुमचं झाड.

थोड्या वेळानं मी फोन कानाला लावला. मग बाबूंचा आवाज आला, "बाहेर काऊन गेलीस? पाखरं तर इथंबी हायेत. आत जाय बेटा. जेवाले बसले असतीन सगळे."

मी आत गेले. फोटोचा कंटाळा येऊन परिपत्रक आपोआप मेलं होतं, आणि मधली टेबलं कुणीतरी जोडली होती. मी डब्यांच्या मधोमध फोन ठेवला, स्पीकर लावला नाही, कुणाला काही सांगितलं नाही. शालूताईंनी वांग्याची भाजी आणली होती आणि ती खारट आहे की नाही यावर दोन गट पडले. कुणाच्या गाडीचं पेट्रोल चोरीला गेलं होतं. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, आणि मुलगा नागपूरचा की अमरावतीचा हेच तिच्या बापाला धड माहीत नव्हतं, म्हणून त्याला सगळे मिळून सोलत होते. मध्ये एकदा मला वाटलं, फोन कट झाला असेल. मी तो उचलून कानाला लावला.

चालू होता. पलीकडे स्टीलच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. स्वतःच्या घरात, स्वयंपाकघर चार पावलांवर असताना, बाबूंनी डबा भरून घेतला होता. एक घास खाल्ला, जरा थांबले आणि तोंडात घास असतानाच हळूच म्हणाले, "शालूबाईले सांग, खारट नसन, मीठ नीट मिसळलं नसन."

मी ते मोठ्यानं सांगितलं. कुणी सांगितलं ते न विचारताच सगळे त्यावर भांडायला लागले.